राहिलेली अकरा मिनिटं

१ डिसेंबर, दुपार

दादा,

या वर्षीची यादी पाठवते आहे. सहा वर्षांनी. एका पत्रात मावणार नाही, तीन-चार लागतील. तू पाकीट न फोडता खणात टाकलंस तरी पुढचं येईल आणि त्यानंतरचंही येईल. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी उत्तरासाठी अडून बसले आहे असं तुला वाटायला नको. उत्तर हवं आहेच. पण त्याच्यासाठी थांबणार नाही.

नियम तेच आहेत. सिनेमा थिएटरातच पाहिलेला हवा. पडद्यावरच्या पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत बसायचं, मध्ये उठलं की तो बाद. खरं नाव लिहायचं नाही, आपण ठेवलेलं लिहायचं. आणि प्रत्येकापुढे तारीख, खेळ, खुर्ची. हा शेवटचा नियम तुझा. मी न पाहिलेले सिनेमे मैत्रिणींकडून ऐकून यादीत घुसडते असा तुला संशय होता. तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि तुझा संशय बरोबर होता.

बाबांना दोन तास अंधारात बसवायचं नाही. "तुम्ही बघा आणि मला सांगा," म्हणायचे. रविवारी सकाळी दाढी करता करता ऐकायचे. आधी कोणी सांगायचं यावरून आपली जुंपायची, म्हणून त्यांनीच याद्या करायला लावल्या. ज्याचा क्रमांक वरचा, तो सिनेमा आधी. तुला हे सगळं माहीत आहे. तरी लिहिते, कारण सहा वर्षांत हे मी कोणापाशी बोललेले नाही आणि न बोललेल्या गोष्टी माझ्याकडून हळूहळू बदलत जातात.

मी हे कामावर लिहिते आहे, कानांच्या दवाखान्यातल्या आवाजबंद खोलीत. एक ते दोन तपासणीला कोणी येत नाही. दार लावलं की स्वतःचा श्वास मोठा वाटायला लागतो. बाकी दिवसभर मी काचेच्या पलीकडे बसते, लोकांच्या कानांत बारीक बारीक शिट्ट्या सोडते आणि एकच वाक्य म्हणते : ऐकू आलं की बोट वर करा.

तर खालून सुरुवात.

नववा. लिफ्टवाली. ११ फेब्रुवारी, तीनचा खेळ, ज-१४. कोर्टाच्या इमारतीत लिफ्ट चालवणारी बाई वर जाताना आणि खाली येताना माणसांचे चेहरे बघते, एवढीच गोष्ट. हा मी आठवा ठेवला होता. मग लक्षात आलं की नायिकेची हनुवटी थेट आपल्या आत्याची आहे आणि मी सिनेमाला नाही, आत्याला मार्क देते आहे. एक पायरी खाली आणला.

आठवा. पेट्या. ३ एप्रिल, सहाचा, ड-२. मधमाश्यांच्या पेट्या ट्रकवर घालून फुलांच्या मागे हिंडणारा माणूस. खरा माणूस, खऱ्या माश्या. थिएटरात आम्ही चौघं होतो. शेवटी तिकीट तपासणाराही येऊन माझ्या मागे बसला आणि म्हणाला, "बाई, याला एक तरी चावते का बघायला रोज येतो." चावली नाही.

सातवा. जिन्यातला पियानो. २० मे, तीनचा, ग-९. सात शेजारी पहिल्या मजल्यावरच्या बाईंचा पियानो पाचव्या मजल्यावर चढवतात. दीड तास. चौथ्या मजल्यावर कळतं की बाईंनी तो विकून टाकायला काढला होता, म्हणजे खाली न्यायचा होता. हसताना माझा चष्मा खुर्चीखाली गेला आणि शेवटची नावं मी अंधुक वाचली. ते नियमात बसतं का, असा प्रश्न पडला. बसतं असं ठरवलं. तुझं मत वेगळं असेल तर कळव.

मुंगी


८ डिसेंबर

दादा,

काल रविवार होता. तुझा फोन आला तेव्हा नेहमीप्रमाणे मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडला, म्हणजे मी ऐकत नाहीये असं आईला वाटावं. कानांचं काम करणाऱ्या बाईने एवढा साधा डाव टाकू नये. फोन ठेवल्यावर आई दारात आली.

"तो मला विचारतो, ती आहे का तिथे? मी म्हणते, आहे. तो म्हणतो, बरं. मग तू विचारतेस, काय म्हणाला? मी म्हणते, बरं म्हणाला. सहा वर्षं मी या एका 'बरं'ची ने-आण करते आहे. माझं वय बघा रे."

मग तिने नळ बंद केला.

सहावा, पाचवा आणि चौथा थोडक्यात. मला पुढे जायचं आहे. सहावा, नापास मुलगी, ८ जून, तीनचा, ज-३. पाचवा, दोन ड्रायव्हर, १४ जुलै, सहाचा, च-१०. चौथा, मिठागर, २ ऑगस्ट, तीनचा, ड-११. तिन्ही चांगले आहेत. मिठागरात एक बाई दहा मिनिटं नुसतं मीठ ओढते आणि तुला तिचे खांदे दुखायला लागतात. तू वर्कशॉपमध्ये ज्या पोरांना शिकवतोस त्यांना दाखव. लेथ मशीनवर उभं राहायचं म्हणजे काय ते तुझ्या व्याख्यानापेक्षा लवकर कळेल.

आता तिसरा क्रमांक. या वर्षीचा तिसरा लिहिण्याआधी सहा वर्षांपूर्वीच्या तिसऱ्याबद्दल लिहायला हवं.

बाबा इस्पितळात होते त्याचा तो तेरावा दिवस होता. सकाळी मी, दुपारी तू. रोज मी त्यांना एक सिनेमा सांगायची. जुने संपत आले होते. त्या दुपारी तू आल्यावर मी निघाले, पाचला परत येते म्हणाले आणि आले पाच पंचविसाला. बाबा पाच वाजून पाच मिनिटांनी गेले होते. तू पलंगापाशी एकटा उभा होतास. मी म्हणाले, दवाखान्यात अडकले, एक लहान मूल तपासणीला आलं होतं, रडत होतं, लांबलं. लहान मूलसुद्धा शोधून काढलं मी. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "असू दे."

वर्षाच्या शेवटी तुला यादी पाठवली. "तिसरा. पोहणारी. ९ मार्च, तीनचा खेळ, फ-७."

वहिनीने नंतर आईला विचारलं म्हणे, हिने मुद्दाम लिहिलं की विसरून? मी स्वतःलाही खूपदा विचारलं. विसरले नव्हते. तो सिनेमा वगळावा असंही मनात आलं, तारीख बदलावी असंही आलं. आठची लिहिली असती तर तुला काय कळणार होतं? पण तुझ्याशी तोंडाने खोटं बोलले तरी यादीत खोटं लिहायला हात चालेना. याला प्रामाणिकपणा म्हणावा असं मला वाटत नाही. सवय म्हणता येईल.

तुझं पोस्टकार्ड माझ्याकडे आहे. रेखांकनात लिहितोस तशा उभ्या, सारख्या अक्षरांत दोन ओळी. "तिसरा? निदान पहिला तरी द्यायचा होतास."

त्यानंतर मी तुला एकच पत्र पाठवलं. त्यात लिहिलं की बाबांना उद्या सांगायला नवा सिनेमा हवा होता म्हणून गेले. हे खरं आहे. आणि लिहिलं की फोन बंद होता, तुझे फोन आलेले कळलेच नाहीत.

त्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. आज इथेच थांबते.

मुंगी


१५ डिसेंबर

दादा,

या वर्षीचा तिसरा : टपाल. २५ ऑगस्ट, तीनचा, ग-४. त्याच्याबद्दल लिहिणार नाही, कारण मला दुसऱ्याकडे यायचं आहे.

दुसरा. बहिरा. ६ सप्टेंबर, सहाचा, फ-१२. जन्मापासून ऐकू न येणारा एक माणूस. अर्धा सिनेमा आवाजाशिवाय. मी खुर्चीच्या टोकावर बसून पाहिला. पण एका ठिकाणी त्याच्या पाठीमागे मोलकरणीच्या हातून थाळी पडते आणि तो वळतो. मी मनात म्हटलं, चुकलात. ऐकू येत नाही तर वळला कसा? पंधरा वर्षं हेच काम करते आहे, माझ्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नाही. तिथेच तिसऱ्यावर उतरवला.

गेल्या मंगळवारी एक सुतार तपासणीला आला. दोन्ही कान जवळजवळ गेलेले, ओठ बघून बोलतो. मी कागदपत्रं भरता भरता त्याला हा सिनेमा आणि त्यातली चूक सांगितली. फुशारकीच होती, दुसरं काय. त्याने विचारलं, "जमीन कसली होती?"

मी आठवलं. लाकडी होती.

"मग पायांना कळतं ना बाई," तो म्हणाला. "आमच्या घरी बायको मला हाक मारत नाही, पाय आपटते. वळत नसेन तर मी झोपलोय नाहीतर मुद्दाम करतोय."

तो आत बसला, मी काचेपलीकडे बसले, शिट्ट्या सोडल्या. त्याचं बोट फार थोड्या वेळा वर झालं, पण प्रत्येक वेळी खरं. इथे खोटं करणारे रोज येतात. न ऐकता बोट वर करणारे असतात, त्यांना आपलं वय मान्य नसतं. ऐकू येऊनही बोट खाली ठेवणारे असतात, त्यांना काहीतरी टाळायचं असतं. दोन्ही मला ओळखता येतात. दुसऱ्या प्रकारचा माणूस शिट्टी वाजताना थोडा जास्तच स्थिर बसतो.

तो गेल्यावर मी सिनेमा पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर नेला. मग दार लावून आत बसले आणि हे पत्र सुरू केलं. सहा दिवसांत तीन वेळा फाडलं. हे चौथं.

दादा, फोन बंद नव्हता.

तो आवाज बंद करून थरथरीवर ठेवला होता. पर्स मांडीवर होती. पडद्यावर ती बाई तळ्याच्या मधोमध होती, काठ दिसत नव्हता, शेवटची वीस मिनिटं कोणी एक शब्द बोलत नाही. पर्स थरथरली. मला कळलं. थांबली, पुन्हा थरथरली. मग तिसऱ्यांदा. तूच आहेस हे मला माहीत होतं, त्या वेळी दुसरं कोण फोन करणार? कशासाठी ते माहीत नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण चहा पाठवू का हे विचारायला कोणी लागोपाठ तीनदा फोन करत नाही. मी मनात चक्क शब्द जुळवले : दहा मिनिटांनी काय बिघडणार आहे. आणि बसून राहिले. जास्तच स्थिर. ती काठाला लागल्यावरही उठले नाही. शेवटच्या नावापर्यंत बसले, कारण उठले असते तर सिनेमा बाद झाला असता.

पहिल्या थरथरीला उठले असते तर पाचला पोचले असते. हे अंतर मी नंतर चालून मोजलं आहे.

आईला हे माहीत नाही. कोणालाच नाही. तू आता जे काय ठरवशील ते हे धरून ठरव. ऐकू आलं होतं मला. बोट वर करते आहे.

मुंगी


२२ डिसेंबर

दादा,

पहिला क्रमांक राहिला आहे. तो देता येत नाही. का, ते सांगते. त्यासाठी आईला दिलेला शब्द मोडावा लागणार आहे.

१९ सप्टेंबर, तीनचा खेळ, च-६. त्याला मी कोटाचा सिनेमा म्हणते. दोन म्हाताऱ्या बहिणी लाँड्री चालवतात. तीस वर्षांपूर्वी एका माणसाने धुवायला टाकलेला कोट तो परत न्यायला आलेला नाही. धाकटी म्हणते, देऊन टाक कोणाला तरी. थोरली दर पावसाळ्यानंतर तो बाहेर काढते, झटकते, उन्हात धरते, परत कागदात गुंडाळते. तिचं त्या माणसावर प्रेमबिम नाही. पावती दिली आहे, एवढंच तिचं म्हणणं. दादा, अशी बाई मी पडद्यावर आजवर पाहिली नव्हती. मध्यंतरालाच मला माहीत होतं की हा पहिला.

शेवटी तो माणूस येतो. पावती घेऊन. थोरली पावती बघते, आतल्या खोलीत जाते. माणूस काउंटरपाशी उभा. धाकटी इस्त्री थांबवून बघते आहे.

आणि माझी पर्स थरथरली.

एकदाच. पुरती एकदाही नाही. मी रांगेतल्या लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर आले. शेजारच्या काकू होत्या. आई न्हाणीघरात पडली होती. डाव्या हाताचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. तू दर रविवारी तिच्याशी बोललास तेव्हा फोन तिच्या उजव्या हातात होता आणि डावा गळ्यात. तुला सांगायचं नाही असं तिने मला बजावलं होतं. "तो तुलाच बोलेल," म्हणाली. आता हात ठीक आहे. पोळ्या लाटते, पण कणीक मला मळायला लावते आणि मग नावं ठेवते.

त्या दिवशी मी धावत घरी गेले तर ती पाटावर बसून होती. मला बघून म्हणाली, "सिनेमा अर्धा टाकून आलीस? मोडलेला हात काय पळून जाणार होता?"

तू हे माझ्या बाजूने धरावंस म्हणून मी लिहीत नाहीये, असं वाक्य मी आत्ता लिहिणार होते. ते खरं नाही. धरावंस असं वाटतंच. पण एका वेळी उठल्याने दुसऱ्या वेळी न उठलेलं पुसलं जात नाही, तेही मला कळतं.

तिकीट तपासणाऱ्याने सांगितलं, तुम्ही गेलात तेव्हा अकरा मिनिटं राहिली होती. आईचं प्लास्टर निघेपर्यंत सिनेमा गेला. दवाखान्यातली मुलगी म्हणते, आता फोनवर आलाय, बघून टाका. बघणार नाही. तीन महिने ती बाई आतल्या खोलीत गेलेली आहे आणि अजून बाहेर आलेली नाही. मी लोकांच्या कानांत शिट्ट्या सोडते आणि ती आत आहे. भाजी चिरते आणि ती आत आहे.

तू पाहिला असशील तर मला शेवट सांग. पाहिला नसशील आणि तुझ्याकडे कुठे लागला, तर बघ आणि सांग. मला तो दुसऱ्या कोणाकडून ऐकायचा नाही. बाबांना आपण सांगायचो तसा सांग, उड्या न मारता. तू नाही सांगितलास तर माझ्यासाठी तो तिथेच संपेल, ते मी पत्करलं आहे. पण विचारणार नाही असं होणार नाही.

या वर्षीची यादी नऊपासून दोनपर्यंत. एकची जागा रिकामी.

मुंगी


१० जानेवारी

मुंगे,

तुझी चारही पत्रं मिळाली. लागेल तेवढंच लिहितो.

पियानोच्या सिनेमाची नावं अंधुक वाचलीस ते चालतं. वाचायची असं नियमात नाही, बसायचं असं आहे.

आई पडल्याचं मला कळवलं नाहीत. त्याचा राग वेगळा आहे आणि तो तुम्हा दोघींवर आहे.

पंधरा तारखेचं पत्र वाचून मी तीन दिवस कोणाशी धड बोललो नाही. वहिनीला विचार. सहा वर्षं मी धरून चाललो होतो की तुला कळलंच नव्हतं आणि तू घाबरून खोटं बोललीस. कळलं होतं, हे त्याहून वाईट आहे. पण चुकीच्या मापावर मला काम करता येत नाही. आता माप बरोबर आहे. त्यावर काय उभं राहील ते मला आज सांगता येणार नाही.

कोटाचा सिनेमा इथून दीड तासावरच्या एका जुन्या थिएटरात अजून सकाळी लावतात. ८ जानेवारी, अकराचा खेळ, च-९. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत.

ती आत जाते. धाकटी माणसाला खुर्ची देते, तो बसत नाही. आतून कागदाचा आवाज येतो, बराच वेळ. तू असतीस तर तुला तो आवडला असता. ती कोट घेऊन बाहेर येते. काउंटरवर ठेवते, हाताने एकदा सारखा करते. माणूस तिथेच घालून बघतो. खांद्यात बसत नाही, बटणं लागत नाहीत. तीस वर्षांत तो जाड झाला आहे. धाकटी हसते. थोरली हसत नाही. माणूस म्हणतो, राहू दे, असाच घालतो. आणि तसाच घालून रस्त्याने जातो. कॅमेरा दुकानातच राहतो. थोरली पावती खिळ्याला लावते. मग नावं.

आता माझं एक. फोन मी मुद्दाम चालू ठेवला होता, तुझ्यासारखा थरथरीवर. तो माणूस कोट घालत होता तेव्हा खिशात दोनदा थरथरला. मला कळलं. उचलला नाही. उचलावा असं वाटलं, हात खिशापर्यंत गेला, पण बटणं लागतात का ते बघायचं होतं. वहिनीचा होता. जेवायला घरी आहेस का, एवढंच विचारायचं होतं तिला.

पण ते मला बाहेर आल्यावर कळलं, मुंगे. आधी नाही.

यामुळे सगळं मिटलं असं समजू नकोस. मीही समजत नाही.

ऐकलेला सिनेमा यादीत धरत नाहीत. हा तिथे आणखी दोन आठवडे आहे. शनिवार, अकराचा खेळ. च-९, १० आणि ११ या खुर्च्यांपुढे खांब येत नाही. पायऱ्या चारच आहेत, कठडा उजव्या हाताला आहे. आईचा चांगला हात तोच ना?

दादा


१३ जानेवारी

दादा,

शनिवारी येतो आहोत. आई म्हणते, तिला मध्येच झोप लागली तर उठवायचं नाही. तिला नियम लागू नाहीत.

एक गोष्ट तुला आवडणार नाही. हा आता जानेवारीत पाहिलेला सिनेमा होईल, म्हणजे पुढच्या यादीतला. गेल्या वर्षीचा पहिला क्रमांक रिकामाच राहील. मी दोन दिवस विचार केला, पळवाट सापडली नाही.

तुझं पत्र मी आईसमोरच फोडलं. ती पोळ्या लाटायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघत होती. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाला? बरं?"

मी म्हटलं, "दीड पान."

तिने ते दीड पान हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, वाचलं नाही. माझ्याकडे परत दिलं. "मग सुटले मी," म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

शनिवारी फोन चालू ठेवणार आहे. फक्त तुम्ही दोघंही माझ्याच रांगेत असल्यावर तो कोणाचा येईल, ते मला सुचत नाही.

मुंगी